एकही रकाना कोरा नाही

आज पंचायतीच्या आवारात नवं हवामान केंद्र बसवलं. ओल्या सिमेंटच्या वासानं मला तिथलंच जुनं पर्जन्यमापक आठवलं. रोज सकाळी साडेआठला त्यातलं पाणी मोजून वहीत लिहायचं काम माझ्याकडे होतं.

एका श्रावणात मी आठवडाभर तिकडे फिरकलोच नाही. फोनवर पलीकडच्या पेडगावचा पावसाचा आकडा विचारायचा, त्यातून दोन-चार मिलिमीटर कमी करायचे आणि आपला म्हणून लिहायचा, ही माझी पद्धत. सातव्या दिवशी शेजारच्या रानातल्या गंगूबाईंनी मला मापकापाशी नेलं. "नरसाळं काढून बघा की, भाऊ."

आत कोळ्याचं जाळं होतं. अख्खं, कोरडं.

"माझं सोयाबीन वाळायलंय अन् तुमच्या वहीत पाऊस पडायलाय," त्या हळूच म्हणाल्या.

मी आकडे खोडले नाहीत. खाडाखोड दिसली की वरून विचारणा व्हायची. पुढे दुष्काळाच्या यादीत आमचं गाव आलं नाही.

आज केंद्र बसवायला आलेला इंजिनिअर म्हणाला, "काका, अंदाज बांधायला तुमच्या जुन्या वह्या लय कामाला आल्या. एक बी रकाना कोरा न्हाई."

मी त्याला चहा पाजला. जाळ्याचं सांगायला आजही तोंड उघडलं नाही.