पोरीच्या सासरची मयत

माझ्या पोरीनं इंग्लंडात एका आयरिश माणसाशी लग्न केलं. लग्न दोनदा लागलं, एकदा तिकडं त्यांच्या चर्चात आणि एकदा आमच्या भोकरदनच्या मंगल कार्यालयात. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण माणूस पारखायला शाळा लागत न्हाई. व्याही कार्यालयात आला तसा मी त्याला समोर बसवला. पोरगी मधी बसून माझं त्याला इंग्रजीत आन त्याचं मला मराठीत सांगत होती. पहिला सवाल केला, मूळ गाव कोणतं.

व्याही म्हणाला, आयर्लंड.

"मंग इंग्लंडात काय करून राह्यले?"

त्याचा बाप रस्ते खोदायच्या कामाला तिकडं गेल्ता, आपली माणसं ऊसतोडीला अंकुशनगरच्या कारखान्याकडं जातात तसा. आपली माणसं हंगाम संपला की परत येतात. हे परत गेलेच न्हाईत. एका मोहल्ल्यात सगळे आयरिश, त्यांचं चर्च निराळं, बसायचा क्लब निराळा. व्याह्याचा स्वतःचा जन्म इंग्लंडातला, तरी गाव विचारलं की आयर्लंडच सांगतो.

मला ते तिथंच खटकलं. ज्या मुलखाचं पाणी पिऊन वाढले त्याला ही माणसं आपलं म्हणत न्हाईत, ती माझ्या पोरीला काय आपलं म्हणणार? बायकोला तसं बोललो. ती म्हणाली, "आवं, अंगाची हळद तरी निघू द्या तिच्या."

पुढं माझा संशय पक्का होत गेला. पोरगी दवाखान्यात नर्स. व्याह्याची आई म्हातारी, अंथरूण धरलेली. व्हिडिओवर पोरगी दिसायची ती त्या म्हातारीपाशीच. कधी तिला सूप पाजून राह्यली, कधी पायाला तेल चोळून राह्यली. मी हिशोब लावला: नर्स ठेवायला खर्चा येतो, सून फुकट येते. म्हणून माझ्या पोरीवर यांची नजर गेली.

मी बायकोसारखं रडत बसणारा न्हाई, चौकशी करणारा आहे. एकदा विचारलं, "घराच्या किल्ल्या कोणाजवळ असतात?"

"सगळ्यांजवळ, आबा. ज्याची त्याची."

"आन जेवायला तू कुठं बसती?"

"खुर्चीवर."

"ते कळलं. कोणाच्या शेजारी?"

"आबा, तुम्ही पोलीस पाटील व्हायला पाह्यजे होते."

उत्तर टाळलं, हे मी बराबर ध्यानात ठेवलं. मळ्यातली एक खोली रंग देऊन ठेवली होती. पोरगी कधीही परत आली तर तिला कोणाच्या दारात उभं राहायला नको. तिला ते सांगितलं न्हाई.

मंग ती म्हातारी गेली.

पोरीनं दुपारी फोन लावला आणि घर दाखवलं. दिवाणखान्यात पेटी, पेटीचं झाकण उघडं, म्हातारी आत झोपल्यासारखी. हातात जपमाळ गुंडाळलेली. एवढं ठीक होतं. पण भोवती माणसं बसलेली, आणि ती हसून राह्यली होती. कोणी म्हातारीची नक्कल करत होतं, व्याही स्वतः डोळे पुसत हसत होता. मी म्हणालो, "मयतीच्या घरात हे काय चाललं?"

"यांच्यात तसंच असतं. आजीच्या गमती सांगून राह्यलेत."

"तू का बसली न्हाईस त्यांच्यात?"

"मला चहा करायचाय. सकाळपासून किटली खाली उतरली न्हाई बघा."

फोन बंद झाला. आमच्यात मयत झालेल्या घरात चूल पेटत न्हाई. घरची माणसं मयताजवळ बसतात, आणि चहा करून आणतात ते शेजारीपाजारी. म्हणजे परके. मी बायकोला म्हणालो, "बघ. इतकं करून पोरगी शेजारीणच राह्यली."

ती वाद घालणारी बाई, पण त्या दिवशी तिचंही तोंड उतरलं होतं.

मातीच्या दिवशी पोरीनं सांगितलं की चर्चातलं सगळं मोबाईलवर दिसतं. नातवानं, म्हणजे माझ्या पोराच्या पोरानं, ते लावून दिलं आणि मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. चर्च भरलेलं. बाप्ये बाहेरपर्यंत उभे, सगळे आडदांड. मागचं दार उघडलं आणि पेटी आत आली. पेटी खांद्यावर. ती माणसं एकमेकांच्या पाठीवर हात टाकून, जोडीजोडीनं चालत होती. पुढच्या जोडीत एका अंगाला व्याही. दुसऱ्या अंगाला माझी पोरगी.

बायकोनं डोक्यावरचा पदर सावरला. आमच्यात बाईमाणूस खांदा देत न्हाई, आणि पुढचा खांदा तर सख्ख्याचाच असतो. तरी माझं डोकं लगेच दुसरीकडं धावलं. म्हणलं, असतील माणसं कमी पडली. पण माणसं तर मला डोळ्यांनी दिसून राह्यली होती.

दुसऱ्या दिवशी मीच फोन लावला.

"तुला खांद्याला कोणी लावलं?"

"सासऱ्यांनी."

"बाप्ये न्हवते का तिथं?"

"होते की. पेटीवाला माणूस म्हणाला पण, ही बुटकी आहे, पेटी तिरपी होईल, दुसरं कोणी घ्या."

"मंग?"

"मंग सासऱ्यांनी गळ्यातला मफलर काढला, त्याची घडी घातली आन माझ्या खांद्यावर ठेवली. उंची काही जुळेना. आणखी एकाचा मफलर मागून घेतला. सगळी मयत तोपर्यंत थांबली. सासरे म्हणाले, शेवटच्या दिवसांत हिनंच उचलून बसवलं आईला, आताबी हीच उचलंल."

मी विचारलं, "आन तो चहा? तो तूच का करत होतीस?"

"घरात आलेल्याला चहा घरच्यानंच द्यायचा असतो इथं, आबा. शेजारच्या बाईनं किटलीला हात लावला तर सासरे म्हणाले, राहू द्या, तुम्ही पाहुण्या."

माझं चुकलं असं मी म्हणलो न्हाई, तिनंही म्हणवून घेतलं न्हाई. आमच्यात सोयऱ्याच्या घरी मयत झाली की दुखवट्याला टोपी-उपरणं न्यावं लागतं. सोयरा सातासमुद्रापल्याड असला म्हणून रीत चुकवता येत न्हाई. म्हणालो, "व्याह्याच्या डोक्याचं माप घे. टोपी पाठवतो."

फोनमधून आतली बोलणी ऐकू आली. कोणीतरी हसलं, कोणीतरी टेप शोधला. मंग पोरीनं माप सांगितलं. मी दोनदा विचारून घेतलं. डोकं भलतंच मोठं आहे. भोकरदनातल्या दुकानात त्या मापाची टोपी निघेल, असं मला वाटत न्हाई.