गीतांजलीताईंची जुनी हार्ड डिस्क

दर्यापूरच्या तहसील कचेरीसमोर गीतांजलीताईंचं टायपिंगचं टेबल आहे. टेबल कसलं, झेरॉक्सच्या दुकानातला अर्धा कोपरा; पण सोळा वर्षांत तालुक्यातली निम्मी भांडणं त्या कोपऱ्यातून टाइप होऊन गेली. धुऱ्याचे, म्हणजे शेताच्या बांधाचे वाद, वारसाचे अर्ज, सोडचिठ्ठ्या. माणसं पुढ्यात बसून सांगायची, रडायची, आणि ताई मान वर न करता लिहीत जायच्या. ऐकलेलं बाहेर काढायचं नाही, हा त्यांचा नेम. शेजारच्या कोणाचा अर्ज झाला, हे घरी नवऱ्याला, भगवंतरावांनाही कधी कळलं नाही.

यंदा त्यांनी नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना विकायचं ठरवलं. सगळ्या फाइली डिलीट केल्या, रिसायकल बिन रिकामं केलं आणि कॉम्प्युटरचा डबा मांडीवर घेऊन जीपने अकोल्याला गेल्या. तिथे मनोज नावाचा दुकानदार जुने कॉम्प्युटर घ्यायचा.

मनोजने विचारलं, फाइली साफ केल्या का? ताई हो म्हणाल्या. त्याने पुसलेल्या फाइली परत काढणारं एक सॉफ्टवेअर लावलं. थोड्या वेळात स्क्रीनवर नावांची रांग लागली. त्याने सहज एक फाइल उघडली. सुभद्रा नावाच्या बाईचं प्रतिज्ञापत्र होतं. नवरा कशाने मारतो, वण कुठे आहेत, सगळं त्यात. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यातल्या एकाने मान पुढे केली, तशी ताईंनी हात लांबवून स्क्रीनच बंद केली.

"डिलीट केलं म्हंजे नुसती अनुक्रमणिका फाडली, ताई," मनोज म्हणाला. "पानं जागेवरच हायेत. त्याच्यावर दुसरं काही लिहिल्याबिगर थे जात नाई."

ठेवून जा, मी करून देतो, असंही तो म्हणाला. ताईंना ते पटेना. त्याने मग डब्यातून फाइली साठवणारी हार्ड डिस्क काढून हातात दिली, ती जोडायला एक केबल दिली आणि पूर्ण फॉरमॅट कसा करायचा ते समजावलं. त्यात डिस्कभर शून्यं लिहिली जातात म्हणे.

दुसऱ्या दिवशी टेबलावरच जुनी डिस्क नव्या कॉम्प्युटरला जोडून ताईंनी काम लावलं. चार तासांनी लाईन गेली. पुन्हा पहिल्यापासून. त्याच्या दुसऱ्या दिवशी एकाहत्तर टक्क्यांवर काटा अडला. परत लावलं, परत एकाहत्तर. तिकडे अर्ज घेऊन आलेली माणसं ताटकळली, दोघं-तिघं उठून गेली.

मनोजला फोन केला तर तो म्हणाला, तेवढी जागा खराब झाली असेल, तिथे नवं लिहिलं जात नाही. मग जुनं आहे की गेलं? असेल किंवा नसेल, तो म्हणाला. या उत्तराने ताईंचं डोकंच फिरलं. सोळा वर्षं एक शब्द बाहेर जाऊ दिला नाही, आणि आता या लोखंडाच्या पोटात काय उरलं ते आपल्यालाच सांगता येऊ नये!

जेवताना भगवंतराव म्हणाले, "कोणाले पडलं हाय त्या जुन्या कागदाचं? तू काहून येवढं जिवाले लावून घेऊन राहिली?"

ताईंनी ताट सरकवलं. "तुमचा कागद असता त्याच्यात, तं असं म्हटलं असतं का?"



शेवटी ताईंनी डिस्क पुंजारामच्या वेल्डिंगच्या दुकानात नेली आणि तिला आरपार भोकं पाडायला सांगितली. एवढी चांगली वस्तू फोडता कशाला, म्हणून तो हसला. आतल्या चकत्यांचा चकचकीत भुगा खाली पडेपर्यंत ताई तिथून हलल्या नाहीत. डिस्क नसलेला डबा मनोजने जवळजवळ भंगाराच्या भावात घेतला.

आता प्रिंट दिली की ताई फाइल ठेवत नाहीत. हवी तर पेनड्राइव्हवर न्या, म्हणतात. परवा शेषराव नावाचे म्हातारे मागच्या महिन्यातल्या अर्जाची नक्कल मागायला आले. नाही म्हटल्यावर त्यांचा पारा चढला.

"कागद सांभाळून ठेवत नाई, तं मंग तुमचा उपेग काय?"

ताईंनी समजावून पाहिलं. म्हाताऱ्यांनी ऐकून घेतलं नाही. ते तरातरा रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या टायपिस्टकडे गेले. ताई त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या. मग पुढच्या माणसाला, त्याचा काही दोष नसताना, जरा जोरातच म्हणाल्या, "बसा."