ताईची अंबाडी

काल ताईकडे जेवायला गेले होते. तिने जवळच्या मळ्यातून कोवळी अंबाडी आणली होती. सकाळभर पानं खुडून, ज्वारीच्या कण्या घालून तिने भाजी शिजवली, वर लसणाची फोडणी दिली. दाजींनी ताट सरकवलं. "हा पाला गुरांना घाल," म्हणाले. ताई बटाटे चिरायला उठली आणि माझं डोकं फिरलं.

शेत ताजं देतं, बाई जीव ओतून रांधते आणि कुणीतरी नुसती मान फिरवून दोघांची किंमत शून्य करतो. हे घरोघरी किती काळ चालायचं?

मी तिच्या हातातली विळी काढून घेतली. "दाजी, बटाटे तुम्ही चिरा. ताई, तू जेवायला बस."

ताई बसली. लग्न झाल्यापासून तिला गरम जेवताना मी पहिल्यांदाच पाहत होते.