त्या पावणेतीन मिनिटांचं छायाचित्रण

भुताखेतांच्या गोष्टी छापणाऱ्यांविरुद्ध मी स्वतः पत्रक काढलेलं आहे. शिवडीपासून पेणपर्यंत हातानं वाटलंय. त्यामुळे अशाच गोष्टींच्या या सदरात मला बघून आमच्या चळवळीतले कार्यकर्ते हसतील. हसू देत... सहा महिने मला स्वस्थता नाही, म्हणून लिहिते.

आमची फिल्म कंपनी म्हणजे तीन माणसं आणि परळमधली एक खोली. केशव कॅमेरा चालवतो. मधू दिग्दर्शन करतो, फिल्म कापतो, जोडतो. मी लिहिते, परवानग्या आणते आणि भांडते. मोठ्या स्टुडिओत दिवे उचलून खांदे मोडलेल्या माणसाचं नाव पडद्यावर कधी दिसत नाही. आमच्याकडे दिसतं! ज्यानं काम केलं त्याचं नाव टायटलमध्ये — हा नियम मी लिहिला आणि भिंतीवर डकवला.

शिमग्यानंतर आम्ही धरमतर खाडीकाठच्या एका गावात गेलो. नाव देत नाही. पुढं येणाऱ्या शेठच्या वकिलाला थोडे कष्ट पडू देत. गावाची भातशेती वाचते ती एका मातीच्या बांधामुळे. त्या बांधात उघाडी असते, म्हणजे लाकडी फळीचं दार. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडतं, भरतीला मिटतं. दोन वर्षं ती फळी म्हणे 'आपोआप' निसटत होती आणि खारं पाणी आत घुसत होतं. शेजारच्या मिठागरवाल्या शेठला ती जमीन हवी होती. गाव सांगत होतं, त्याचा मुकादमच फळी काढतो. शेठ सांगत होता, गावच निष्काळजी. अलिबागच्या कचेरीतल्या साहेबांना पुरावा पाहिजे होता. गावाच्या शब्दाला पुरावा म्हणत नाहीत ना!

आम्ही जिच्या घरी जेवायचो ती हिराबाय, साठीची, एकटी. तिचं शेत उघाडीला लागूनच. असंच पाणी शिरत राहिलं असतं तर ते कायमचं गेलं असतं.

अमावास्येचं उधाण होतं. भरती दुपारी बाराच्या सुमारास. साडेअकराला केशवनं उघाडीसमोर कॅमेरा स्टँडवर लावला, नवीन रीळ चढवलं, चावी भरली, लेन्सला टोपण लावलं आणि वर काळं कापड टाकलं. म्हणाला, "पाणी चढेपर्यंत जेवून येऊ."

निघताना हिराबायनं भाकरीचा तुकडा नि सुकट बांधावर ठेवली.

"हे कुणाला?"

"राखनदाराला. बांद त्योच राखतं."

माझं डोकं फिरलं. "मग दोन वर्षं झोपलाय का? फळी निघते तेव्हा कुठं असतो?"

"आसतं गो हितंच. पन त्याचा बोलना तुजा साहेब आयकल का?"

केशव आणि मधू हसायला लागले. मीही टोमणा मारला, "मग आमच्या कॅमेऱ्याकडंही बघायला सांगा. बिनपगारी माणूस बरा मिळाला!"

हिराबाय हसली नाही. बांधाकडं वळून म्हणाली, "पोरांची पेटी हाय. बघ जरा."

घर माडांच्या आड, तिथून उघाडी दिसत नाही. आम्ही चौघं एका पंगतीला होतो — हे नीट लक्षात ठेवा. हात धुतोय तोच पाण्याचा आवाज आला. धावलो. फळी गायब, खाडी सरळ हिराबायच्या शेतात! बायका चिखलाचे गोळे घेऊन पाण्यात उतरल्या. मी ओरडले, "केशव, घे!"

केशव कॅमेऱ्याशी नुसता उभा. काळ्या कापडाची नीट घडी, घडीवर टोपण. रीळ संपलेलं.

"कुणी हात लावला?" तो माझ्यावरच खेकसला.

"तुझ्या ताटाशेजारी बसून मी हात लावला?"

वाया गेलं म्हणतच ते रीळ बाकीच्यांबरोबर धुवायला दिलं. आठवड्यानं प्रोजेक्टरनं खोलीतल्या भिंतीवर पाहिलं. मुकादम, सोबत दोन माणसं, पहार घालून फळी उचकटताना. एकदा तो सरळ कॅमेऱ्याकडं बघतो... आणि तिथं काहीच नसल्यासारखा पुन्हा पहार घालतो.

आमचा कॅमेरा चावीचा. एका चावीत जेमतेम अर्धा मिनिट चालतो, मग थांबवून पुन्हा भरायची. थांबला-सुरू झाला की तिथं एक चौकट पांढरी पडते. मधूनं भिंग लावून सगळी पट्टी तपासली. एकही पांढरी चौकट नाही. पावणेतीन मिनिटं, म्हणजे अख्खं रीळ, सलग, चित्र जरासुद्धा न हलता.

अलिबागला साहेबांनी दोनदा पाहिलं. म्हणाले, "ज्यानं चित्रण केलं त्यानं सही करावी."

केशव म्हणाला, "मी जेवत होतो. खोटी सही करणार नाही."

हिराबाय कचेरीच्या दारात बसली होती. मी कागद ओढला आणि सही केली. 'चित्रण मी केले आहे.'

बाहेर आल्यावर केशव म्हणाला, "अभिनंदन, कॅमेरामन!" नंतर दोन दिवस बोलला नाही.

हुकूम झाला. शेठच्या खर्चानं पक्की उघाडी झाली. आता हिराबायच्या शेतात भात पिवळा पडलाय. सही खोटी होती, मुकादम खरा होता. ज्याला प्रकरण उकरायचंय त्यानं उकरावं, मी कबूल करायला बसलेच आहे.

स्पष्टीकरण? दोन कॅमेरा-दुरुस्तीवाल्यांना विचारलं. एक म्हणाला अशक्य, दुसरा म्हणाला थट्टा करू नका. राखणदारावर माझा विश्वास बसलेला नाही. पण चावीवरचाही उडालाय.

गेल्या आठवड्यात मधूनं विचारलं, "टायटल करायचीत. त्या शॉटला छायाचित्रण कुणाचं?" मी भिंतीवरच्या नियमाकडं बघितलं. दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव लावणाऱ्यांना मी पत्रकांत चोर म्हटलेलं आहे.

मी गावाला गेले. हिराबाय बांधावर गवत काढत होती. सहीचं सांगितलं.

"तुजा नाव लावलास? लाव. त्याला राग नाय येत."

"त्याचं नाव काय, हिराबाय?"

तिनं विळा थांबवला. 

"बांद हाय तवापासून त्यो हाय गो... नाव आजून कुनी इचारलाच नाय."

फिल्म तयार आहे. टायटल अजून झालेली नाहीत.