मेंढरं बसवल्याची ज्वारी

बिरुदेव धनगराचा कुणावर म्हणून विश्वास नाही, हे मंगळवेढ्याकडच्या त्या गावात सगळ्यांना ठाऊक. चहा दिला तरी आधी कपात डोकावणार. पण हसण्याआधी ऐका की जरा. बाप गेला तेव्हा बिरुदेव रांगत होता. बापाच्या वाटणीचं काळं रान चुलत्यानं, सिद्धाप्पानं, "पोरगं मोठं हुईस्तवर" म्हणून कसायला घेतलं. पोरगं मोठं झालं, त्याचं लग्न झालं, मेंढरांमागं दरसाल उजनीकडं हिंडून टाचा फुटल्या, तरी चुलत्याचं आपलं एकच, "फुडल्या साली बघू." मग माणूस संशयी होईल नाहीतर काय होईल?

यंदा पावसाच्या तोंडावर बिरुदेव गावी परतला, तर सिद्धाप्पा आपणहून भेटायला आला. "बिरू, त्या रानात तुजी मेंढरं बसव की. लई दिस खत न्हाय पडलं."

बिरुदेवच्या मनात पाल चुकचुकली. जो माणूस त्या रानाचा बांध ओलांडू देत नव्हता, तो आज गोड बोलतोय, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय. तरी त्यानं मेंढरं नेलीच. बापाच्या रानात पाठ टेकायला मिळत होती, ते सोडवेना.

सकाळी सिद्धाप्पा गावातली चार माणसं घेऊन आला आणि त्यानं ज्वारीचं पोतं बांधावर ठेवलं. आमच्याकडची रीत अशी, की मेंढरं रात्रभर बसली म्हणजे रानाचा मालक धनगराला धान्य देतो. बिरुदेवची बायको राजाबाई पोत्याकडं निघाली.

"हात लावू नगं," तो खेकसला.

"अवो, घरात पीठ न्हाय."

"नसूंदे. सोताच्या रानात मेंढरं बसवून कुणी ज्वारी घेतंय का? चौघांम्होरं घेतली, की रान त्येंचं झालं."

म्हाताऱ्याचा कावा उघडा पडला. साक्षीला आणलेली चार माणसं आता त्याच्याचकडं बघत होती. सिद्धाप्पानं वाकून एक ढेकूळ उचललं आणि मुठीत चुरलं.

"मग बी म्हनून ठेव," तो शेवटी म्हणाला. "तुज्या बापाचं रान हाय. पेर." आणि मागं न बघता गेला.

आता तरी गड्यानं हसावं? छे. दाणे भाजून आणले असतील, उगवायचेच नाहीत, मग म्हाताराच म्हणेल की ह्याला शेती जमत नाही. त्यानं मूठभर ज्वारी ओल्या फडक्यात बांधून ठेवली. राजाबाईनं शेजारून उसनं पीठ आणलं आणि नवऱ्याला मनसोक्त बोलून घेतलं.

दोन दिवसांनी तिनं फडकं सोडलं. दाण्यादाण्याला पांढरा कोंब फुटला होता. बिरुदेव तोंडावर पटका धरून लहान पोरासारखा रडला.

"आता तरी जावा," राजाबाई हळूच म्हणाली. "पाया पडा सिद्धाप्पातात्यांच्या."

"पडतो की," तो डोळे पुसत म्हणाला. "आदी सातबाऱ्यावर नाव लागूंदे."