शिरेची लीक टेस्ट

“मॅडम, चेकलिस्टवर लीक टेस्टचा टिक राहिलाय,” सिस्टर म्हणाली.

माझ्या हातात शिवळेकाकांच्या डाव्या पायातून नुकतीच काढलेली शीर होती. ओटीच्या दाराशी आमचे ऑपरेशन्स मॅनेजर पाठक मास्क लावून उभे होते. त्यांची नजर माझ्याकडे नव्हती, भिंतीवरच्या घड्याळाकडे होती. सेहेचाळीस मिनिटं झाली होती. टार्गेट तीसचं.

“तो टिक मी करणार नाही,” मी म्हणाले.

मी फिजिशियन असिस्टंट आहे. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या एका हॉस्पिटलात अकरा वर्षं बायपाससाठी शिरा काढते. हृदयाची रक्तवाहिनी तुंबली की सर्जन तिला वळसा घालून नवा रस्ता जोडतात. एक रस्ता छातीतल्या रक्तवाहिनीचा, बाकीचे बहुतेक वेळा पायातल्या लांब शिरेचे. पूर्वी त्या शिरेसाठी अख्खा पाय उभा कापायचे. आता गुडघ्याजवळ दोन बोटांएवढा काप घेतो, आत कॅमेऱ्याची नळी घालतो, गॅस सोडून शिरेभोवती बोगदा करतो आणि तिच्या फांद्या एकेक जाळून तोडतो. जखम लहान, पेशंट लवकर चालतो.

पण शीर नाजूक असते. जोरात ओढली तर फांदी मुळापासून उपटते. फांदी शिरेला चिकटून जाळली तर चटका शिरेलाच बसतो. आणि शीर बाहेर आल्यावर कुठे गळते का, ते आत द्रव भरून बघतात. तिथे सिरिंज जोरात दाबली तर शीर टरारून फुगते आणि तिचं आतलं अस्तर फाटतं. बाहेरून काही दिसत नाही. उलट फुगलेली शीर जास्तच छान दिसते. पुढे त्या फाटलेल्या अस्तरावर रक्त गोठायला लागतं.

पाठक आमच्याकडे आले ते चाकणच्या एका कंपनीतून, जिथे गाड्यांचे रबरी पाइप म्हणजे होज बनतात. पहिल्याच महिन्यात त्यांनी ओटीच्या कॉरिडॉरमध्ये पांढरा बोर्ड लावला. त्यावर आमची नावं आणि शीर काढायला लागलेली मिनिटं. तिसाच्या आत हिरवं मॅग्नेट, वर गेलं की लाल. माणसाच्या पायातून निघणाऱ्या शिरेला सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारी मिनिटं! मला कंपनीच्या शब्दांचा राग नाही. माझे वडील चिंचवडला कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये राबले, त्यावरच आमची शिक्षणं झाली. राग आहे तो अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणाऱ्यांचा. पाठकांनी चेकलिस्टमध्ये आणखी एक ओळ घातली: लीक टेस्ट, शीर कडक होईपर्यंत पूर्ण दाब. सर्जन डॉ. भावे यांनी फार विचार न करता सही केली, कारण कडक शीर टाके घालायला सोपी जाते.

आणि मी? मी मूग गिळून गप्प बसले. नुसती गप्प नाही बसले, मला हिरवं मॅग्नेट हवंसं वाटायला लागलं. राजगुरुनगरचे मोरे सर म्हणून एक शिक्षक होते. त्यांची शीर मी एकवीस मिनिटांत काढली, कडक होईपर्यंत फुगवली, टिक केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चार महिन्यांनी सर छातीत दुखतं म्हणून परत आले. तपासणीत दिसलं, पायातल्या शिरेचा रस्ता बंद. भावे सर म्हणाले, “शीर बंद पडायला दहा कारणं असतात, वंदना.” खरं आहे, असतात. पण त्यातलं एक माझ्या अंगठ्याखाली होतं. मोरे सरांना आता शाळेचा जिना चढवत नाही.

त्यानंतर आले शिवळेकाका. महाळुंग्याचे, वय बासष्ट. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मी सोनोग्राफी लावून त्यांच्या पायावर मार्करने शिरेची रेघ काढत होते. उजवा पाय उपयोगाचा नव्हता, तो पूर्वी फोर्कलिफ्टखाली चिरडला होता.

“ताई, ही शीर काढल्यावं तपासता का?” त्यांनी विचारलं.

“हो काका. आत द्रव भरून बघतो, गळते का.”

“प्रेशर किती देता?”

आमच्या सिरिंजला दाब मोजणारा गेज नसतो. “हाताच्या अंदाजाने,” मी म्हणाले. “जरा कडक होईपर्यंत.”

काका उठून बसले. “अंदाजानं? आवं, मी बावीस वर्सं होज टेस्टिंगला व्हतो. बर्स्ट टेस्टला पीस लावायचा, फुटंस्तवर प्रेशर वाढवायचं. पर त्यो पीस परत गाडीला लावायचा न्हाई. फुटला न्हाई तरी न्हाई. कापून भंगारात.”

“फुटला नाही तरी?”

“व्हय. आतनं त्याचं काय झालंय ते डोळ्याला दिसत न्हाई ना.” मग ते आडवे झाले आणि रेघेकडे बोट करून म्हणाले, “माजी ही येकच हाय. भंगारातली लावू नका म्हंजे झालं.”

बावीस वर्षं होज तपासलेल्या माणसाला दोन मिनिटांत कळलं ते आम्हा डिग्रीवाल्यांना कळूनही वळलं नव्हतं. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा संताप आला.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी फांद्या शिरेपासून लांब धरून जाळल्या, कुठेही ओढाताण केली नाही. सेहेचाळीस मिनिटं लागली ती त्यामुळे.

“वंदना, शीर कुठाय?” भावे सर ओरडले. छाती उघडलेली होती, ते थांबले होते.

“तयार आहे सर. हलकेच भरून बघितलीय. कडक फुगवणार नाही.”

“एसओपी सगळ्यांना सारखी असते मॅडम,” दारातून पाठक म्हणाले.

“मग हात धुवून या, ग्लोव्ह्ज घाला आणि तुम्हीच दाबा.”

ते जागचे हलले नाहीत. भावे सरांनी माझ्याकडे बघितलं. “गळली तर तुझी जबाबदारी.”

“हो सर. माझी.”

आणि गळली. शीर जोडून रक्त सोडलं तशी एका बारीक फांदीतून चिळकांडी उडाली. “हेच! ह्याच्यासाठीच टेस्ट असते!” भावे सरांनी टाका घालता घालता मला सगळ्यांसमोर झाडलं. एक टाका, दोन मिनिटं, गळती बंद. पण पाठकांचा चेहरा मास्कमधूनसुद्धा खुललेला दिसत होता. दुसऱ्या दिवशी माझ्या नावाने मेमो निघाला.

त्यावर भावे सरांसमोर मीटिंग झाली. पाठकांनी आधी मेमो वाचला. मग मला बोलायला सांगितलं.

“पाठकसाहेब, तुमच्या कंपनीत बर्स्ट टेस्टला लावलेला पीस गाडीला लावायचात?”

“छे! कसा लावणार? स्क्रॅप करतात तो.”

“फुटला नसेल तरी?”

“तरीही. आतून तो...” ते थांबले.

“मग आम्ही तो पेशंटच्या हृदयाला का लावायचा?” माझा आवाज चढला होता, चढू दिला. “माझी गळती सगळ्यांना दिसली, एका टाक्यात मिटली. फाटलेलं अस्तर दिसत नाही. त्याला टाका कुठे घालू? मोरे सरांना काय सांगू?”

भावे सरांनी चेकलिस्ट पुढे ओढली, आपलीच सही बघितली आणि ती ओळ पेनने खोडली. “यापुढे हलक्या हाताने भरून बघायचं. गळली तर मी शिवीन,” एवढंच म्हणाले. मेमो मात्र कोणी मागे घेतला नाही.

सहा महिन्यांनी शिवळेकाका तपासणीला आले. सगळे रस्ते चालू होते. एका पेशंटवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. त्यांना मात्र वेगळीच काळजी होती. “ताई, भंगारातली न्हाई ना लावली?” मी नाही म्हणाले. ते खरं होतं; मोरे सरांना असं सांगता आलं नसतं.

या सगळ्यातून मी शिकले ते एवढंच: बोर्डावर मिनिटं लिहिता येतात, अस्तर लिहिता येत नाही, म्हणून बोर्ड मिनिटांचाच होतो. तो अजून कॉरिडॉरमध्ये आहे. माझ्या नावापुढे बहुतेक महिने लाल असतं, त्याचं मला काही वाटत नाही. वाटतं ते वरच्या कोपऱ्याचं. तिथे लिहिलंय: बेस्ट टाइम, वंदना, एकवीस मिनिटं. ती मोरे सरांची शीर. पुसा म्हणून तीनदा सांगून झालं. पाठक म्हणतात, रेकॉर्ड आहे मॅडम, कोणीतरी मोडल्याशिवाय पुसता येत नाही.