खंडेनवमीचा ड्रॅगन

कुपवाडच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. त्यामुळे जादूच्या गोष्टींतल्या नायकांचा मला एका बाबतीत फार राग येतो, आणि ती म्हणजे त्यांचं सामान. अशा कादंबऱ्या मी आवडीने वाचते, पण नायक महिनोन्‌महिने डोंगर तुडवतो आणि त्याच्याजवळ पाण्याची बाटली नाही, जादा मोजे नाहीत, साधी सुतळीसुद्धा नाही. तलवार मात्र लखलखीत. या माणसाला मी आमच्या गेटातून आत सोडलं नसतं.

व्हिडिओ गेममध्ये हे आपल्या हातात असतं. मुलीने गणपतीत पुण्याहून गेमचं मशीन आणलं, जाताना ते इथेच विसरली आणि संध्याकाळी कुकर लावला की मी योद्धा होऊ लागले. माझी तिथली पिशवी बघण्यासारखी होती. जखमा भरणारी औषधं रंगाप्रमाणे लावलेली, सुकी मासळी वेगळी, दोर वेगळा. औषध मात्र मी कधी पीत नसे. पुढे लागेल. जीव गेला तरी चालेल, बाटली फोडायची नाही.

शेजारच्या खुर्चीत सासरे बसायचे. फौजेतून सुभेदार होऊन आलेले आबा. त्यांनी एकदाही बटण दाबलं नाही, हुकूम तेवढे सोडले. “वर चढ. वरनं दुश्मन दिसतोय.”

शेवटी फक्त ड्रॅगन उरला, आणि नेमका रात्री मुलीचा फोन आला. उद्या खंडेनवमीला सकाळी येते, चारच्या गाडीने परत जाते, मशीन बांधून ठेव. म्हणजे ड्रॅगन मारायला मला एक दुपार मिळणार होती.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रं पुसून, झेंडू घालून पूजतात आणि बंद ठेवतात, म्हणून मी लवकर घरी आले. सोफ्यावर मुलगी लोळत होती. आबांनी पाट मांडला होता. त्यावर विळा, कोयता, नटबोल्टचे पाने, माझी भाजीची सुरी, सगळं हळदीकुंकू लावून ओळीत. मला खोडी सुचली.

“आबा, माझी तलवार राहिली की.”

टीव्ही लावून मी पिशवीतली तलवार पडदाभर मोठी करून दाखवली. वाटलं, हसतील. आबा ताट घेऊन उठले. मुठीच्या जागी टीव्हीच्या काचेला हळद लावली, कुंकू लावलं आणि हात जोडले.

“आता उद्या दसऱ्यालाच उचलायची.”

“आबा, ती खरी नाही हो.”

“मग माज्याम्होरं कशाला धरलीस? पुजलेल्या हत्याराला आज हात लावत न्हाईत.”

मुलगी पोट धरून हसत होती. “आई, भाला घे.”

“भाला बी हत्यारच,” आबा म्हणाले.

“धनुष्य?”

“त्ये बी.”

“ढाल तरी?” मी विचारलं.

आबांनी टाळूवर हात फिरवला. “ढाल चालंल. ती फकस्त राखती.”

मी ढाल घेऊन ड्रॅगनला धडका द्यायला निघाले. त्याच्या जिवाची लाल पट्टी प्रत्येक धडकेला केसभर कमी व्हायची, आणि त्याच्या एका फुंकरीत माझी अर्धी जायची. काचेवरचं कुंकू नेमकं त्याच्या कपाळावर आलं होतं. मांडवात उभा केल्यासारखा दिसत होता.

“औषध पी की!”

“पुढे लागेल, आबा.”

“आता म्होरं काय हाय? पाव्हण्यांसाठी ठेवल्यात व्हय?”

प्यायले. आधी हिरव्या, मग निळ्या. माझ्या हाताने लावलेला माल असा भराभर संपत होता आणि मी उरलेल्या बाटल्या मोजत होते. त्याची लाल पट्टी नखाएवढी उरली तेव्हा शेवटची बाटली संपली होती. ड्रॅगनने मला भाजून काढलं.

दारात रिक्षा वाजली. मुलगी बॅग घेऊन आली आणि वायरी काढायला वाकली.

“हात लावू नगं,” आबा म्हणाले. “त्याची बी पूजा झालीया.”

मशीनवर खरंच कुंकवाचं बोट होतं. ओलं.

“आबा, आत्ता तर आई खेळत होती!”

“चालू हुतं. हाललं न्हवतं. पुजलेलं आज हालवायचं न्हाई. दिवाळीला आलीस की ने.”

“आणि हे कुंकू कधी लावलंत?”

“तुमी दोघी बोंबलत हुता तवा.” त्यांनी लाल बोट पायजम्याला पुसलं. “जा बाय, गाडी चुकंल.”

मुलीने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा आबांकडे. “तुम्ही दोघं मिळून लबाड आहात,” म्हणाली आणि रिकाम्या बॅगेत चकल्यांचा डबा कोंबून निघाली.

मी स्वयंपाकघराकडे वळले, तेवढ्यात खुर्चीतून हुकूम आला.

“कुठं निघालीस? उद्या तलवार उचलायची हाय. आज बाटल्या भरून घे.”